टोपलीतली किल्ली

गावंडे सर कोणावर ओरडले असं मी अख्ख्या नोकरीत एकदाच पाहिलं, आणि ज्याच्यावर ओरडले तो मीच होतो.

अमरावतीच्या आयटीआयमध्ये ते इलेक्ट्रिकलचे जुने इन्स्ट्रक्टर आणि मी नुकताच लागलेला. सरांची उभी हयात पंपांच्या आणि पंख्यांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरण्यात गेली होती. रिटायर व्हायला पाच-सहा वर्षं उरली असताना अभ्यासक्रमात मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम लिहून यंत्र चालवायचा छोटा बोर्ड, आला. बाकीच्या जुन्या मंडळींनी "हे पोराटोराइचं खेळणं आता आमच्या गळ्यात कायले" म्हणून हात झटकले. सरांनी मात्र तो तळहाताएवढा निळा बोर्ड घरी नेला. महिन्याभराने परत आणला तेव्हा त्याला खेळण्यातली एक पिवळी मोटार जोडलेली होती. कॉम्प्युटरवर लिहिलेल्या दहा-बारा ओळींच्या हुकमावर ती हळू, जोरात, सुलटी, उलटी, म्हणाल तशी फिरत होती. सर तिच्याकडे पाहत मिशीतल्या मिशीत हसत होते.

पोरांसमोर शान मारायची म्हणून मी पुढे झालो आणि पूर्ण वेगात सुलटी फिरणारी ती मोटार झटक्यात उलटी केली. कट् असा आवाज झाला. आतल्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दात गेले, आणि बोर्ड नि मोटार यांच्यामधल्या लाल ड्रायव्हर पट्टीतून धूर निघाला.

"बोंडे, चालत्या बंडीचे बैल कोणी मागं हाकलते काय?" सर ओरडले. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "सारे जवळ या रे. हा वास घ्या. हा पुस्तकात भेटत नाही."

वीस पोरांनी रांगेने माझ्या मूर्खपणाचा वास घेतला. त्या दिवसापासून सरांच्या वर्गात एक नवा पाढा सुरू झाला. मोटारीची दिशा बदलायची असेल तर हात लावण्याआधी मोठ्याने म्हणायचं: "थांब. एक, दोन, तीन. मग उलट." भातकुलीकडून सायकलवर येणारी आडदांड पोरं हा पाढा बालवाडीसारखी म्हणायची. मलाही म्हणावा लागायचा.

हा पाढा सरांच्या अंगातच होता. मीटिंगमध्ये प्राचार्यांनी सकाळचा हुकूम दुपारी फिरवला की सगळे करवादायचे. सर मनात तीन मोजायचे, मग "बरं" म्हणायचे आणि फिरवलेल्या हुकमाच्या कामाला लागायचे. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी बायकोशी भांडण का नाही, असं कोणीतरी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "भांडण होते ना. पण मी तीन मोजतो तंवर थे सयपाकघरात निघून जाते."

शिकवणं त्यांचं असं घरगुती होतं. वेग कमी करायचा म्हणजे व्होल्टेज कमी करायचं नाही, विजेचे तुकडे करून द्यायचे, हे पोरांच्या डोक्यात शिरायचं नाही. सर सांगायचे, "नळ अर्धा उघडाचा नाई. पुरा उघडाचा, पुरा बंद कराचा. पण इतक्या झटपट का बादलीले वाटलं पाह्यजे, अर्धाच चालू हाय." आणि मग वेग अगदी खाली आणून ते मोटार पोरांच्या कानाशी धरायचे. फारच कमी दिलं की मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणते. "हे सर्वात वाईट. बंद मोटार थंड राह्यते, फिरती मोटार काम करते. ही ना बंद ना फिरती. जागच्या जागी तापून राह्यली. अशीले एक तर धक्का द्या, नाई तर बंद करा. गुणगुणत ठेवू नका."

रिटायर झाल्यावर सर अकोल्याला गेले. जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा एक फ्लॅट होता. लिफ्ट नव्हती. मी त्यांना निरोपाच्या भाषणात "आता आराम करा सर" असं म्हटलं होतं. अशा वेळी माणूस काय काय बोलून जातो.

सरांच्या बायकोचं, कमलकाकूंचं, विसरणं तोवर सुरू झालं होतं. काकू हिवरखेडच्या, माळ्याच्या घरातल्या. वडील-भावांबरोबर लहानपणापासून भाजी तोडलेली, जुड्या बांधलेल्या, बाजारात बसून विकलेली. अमरावतीला असताना त्या भाजी घ्यायला निघाल्या की भाजीवाले सावध व्हायचे. वांग्याचं देठ नुसतं दाबून ते कधी तोडलं हे त्या सांगायच्या, आणि सांगून वर विकणाऱ्याला लाजवायच्या. पहिल्यांदा त्या गॅस बंद करायला विसरल्या, मग दिवस विसरल्या, मग नाशिकची मुलगी कल्पना आली की तिला "बाई, तुमी कोन्या गावच्या" असं विचारू लागल्या. विसरल्या नाहीत ते फक्त सरांना, भाजीला आणि हिवरखेडला.

हिवरखेडचा घोळ मोठा होता. सर आंघोळीला गेले की काकू पायात चपला घालून निघायच्या. दोनदा त्या एसटी स्टँडवर हिवरखेडकडे जाणाऱ्या तेल्हाऱ्याच्या गाडीची चौकशी करताना सापडल्या. दुसऱ्या वेळी तर तिकिटाला म्हणून त्यांनी हातातली बांगडी काढून ठेवली होती. मग एके दिवशी काकूंचीच गोळी संपली म्हणून सर दाराला बाहेरून कुलूप लावून दहा मिनिटांसाठी मेडिकलवर गेले.

परत आले तर गल्लीत गर्दी. काकू गॅलरीची ग्रिल दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या आणि ओरडत होत्या, "मले कोंडलं वो. कोनीतरी सोडा मले." खाली बायका वर पाहत होत्या, कोणी म्हणत होतं पोलिसांना फोन करा. सर गर्दीच्या मागे उभे राहिले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. "बोंडे, किल्ली माह्या हातात होती. आन् मले त्या लोकाइतून पुढं जाता येईना."

त्यानंतर त्यांनी बाहेरून कुलूप कधी लावलं नाही. आतून लावलं. त्यांचा हिशेब साधा होता. बाहेरून लावलं तर एक जण कैदी आणि एक जण शिपाई. आतून लावलं तर दोघंही घरातच आहेत. मी म्हटलं, सर, आतून लावलं तर दोघंही कैदी. ते म्हणाले, "मंग काय झालं. सोबत हाय ना."

पण आतल्या कुलपाची किल्ली घरात ठेवायची कुठे? काकू काल काय जेवल्या ते विसरत, पण किल्ली डाळीच्या डब्यातून काढत, देवघरातून काढत, एकदा सरांच्या उशाखालूनही काढली. म्हणून ती टोपली आली.

त्यांच्या गॅलरीखाली सुमनबाईंची भाजीची गाडी लागते. पन्नाशीची, तोंडाने फाटकी, मनाने चोख बाई. सरांनी ग्रिलचा एक चौकोन कापला, बाहेर एक चाक बसवलं, आणि दोरीला वेताची टोपली बांधून तिला मोटार लावली. पहिली मोटार आमच्या वर्गातल्यासारखीच पिवळी. तिसऱ्याच दिवशी टोपली वर जात असताना लाइट गेली, मोटारीचा जोर सुटला, आणि दोन किलो वांगी सुमनबाईंच्या टमाट्यांवर येऊन पडली. सुमनबाई त्या दिवशी काय बोलल्या ते मला सांगताना सर अर्ध्यावरच थांबले.

मग त्यांनी दुसरी मोटार मागवली, माझ्याकडूनच. तिच्या आत स्क्रूसारखा एक आट्यांचा दांडा असतो. त्यामुळे मोटार दोरीला ओढू शकते, पण दोरीचं वजन मोटारीला फिरवू शकत नाही. लाइट गेली तर टोपली आहे तिथेच लटकून राहते. सरांना या मोटारीचं भारी कौतुक. "हे सोडत नाई," असं ते म्हणायचे, आणि तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं.

ही टोपली चालवायच्या काकू. सरांनी भिंतीवर काकूंच्या हाताला येईल असं एक मोठं गोल बटन बसवलं होतं. डावीकडे फिरवलं की टोपली खाली, उजवीकडे फिरवलं की वर. जितकं फिरवाल तितका वेग. मधोमध आणलं की थांब. काकूंना अक्षरं लागत नव्हती, म्हणून मधोमध त्यांच्याच पाकिटातली एक लाल टिकली चिकटवलेली. काकूंचा हात थरथरायचा, तर टिकलीच्या दोन्ही अंगाला बोट-बोटभर जागा सरांनी प्रोग्रॅममध्ये 'थांब'मध्येच धरली होती. आणि काकूंनी खालून एकदम वर फिरवलं, तरी मोटार आपण होऊन थांबायची, तीन मोजायची, मगच उलटी व्हायची. तरीही सर पाढा म्हणायचेच. टोपली खाली टेकली की काकूंच्या मागे उभे राहून, "थांब. एक, दोन, तीन. वर." काकू कधीकधी टिकली काढून कपाळाला लावायच्या. सर पाकिटातून दुसरी चिकटवायचे.

सकाळी सुमनबाई आल्या की सर दाराला कुलूप घालून किल्ली टोपलीतून खाली पाठवत. सुमनबाई ती दिवसभर कमरेला खोचून ठेवत. कोणी आलं की किल्ली वर जाई, दार उघडे, किल्ली परत खाली. संध्याकाळी गाडी हलवताना ती वर जाई आणि सर तिला करदोट्यात ओवून झोपत. आग लागली तर काय कराल, असं विचारून मी दरवेळी डोकं फोडून घ्यायचो. सर दरवेळी म्हणायचे, "पाहू."

मी महिन्यातून एका रविवारी बडनेऱ्याहून रेल्वे पकडून अकोल्याला जायचो. काकू गॅलरीत खुर्चीवर. "सुमन, मेथी कशी हाय व?" खालून, "लोण्यासारखी हाय काकू." टोपली खाली जाई, जुडी वर येई. काकू ती उलटीपालटी करून पाहत, "कालच्यापक्षा बरी हाय" म्हणत आणि ठेवून देत. तासाभरात विसरत. "सुमन, मेथी कशी हाय व?" सर तीच जुडी फडक्याखाली लपवून टोपलीत टाकत, खाली सुमनबाई तिच्यावर पाणी मारून तीच वर पाठवत. एकच जुडी दिवसातून चार-चार वेळा गल्ली पाहून यायची. रात्री दमूनभागून सरांच्या कढईत पडायची. त्या मेथीची भाजी मी खाल्ली आहे. ती अगदीच गरीब लागायची.

काकूंसाठी ती टोपली म्हणजे अख्खा हिवरखेडचा बाजार होता, यात वाद नाही. सरांचं काय, हे आधी सुमनबाईंनी ओळखलं. एकदा मी खाली उतरलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी सरचे दोस्त ना? मंग सांगा त्याइले. आधी ते भाजीच्या निमतानं खाली येत, काकूले शेजारणीपाशी बसवून. पाच मिंटं का होईना, माह्या गाडीपाशी उभे राहत, चार गोष्टी बोलत. आता टोपली येते, सर येत नाई. सा महिने झाले, त्याइचे पाय नाई पाह्यले म्या."

मी वर पाहिलं. सर ग्रिलमागे काकूंच्या खांद्याशी उभे होते.

त्याच्या पुढच्या खेपेला मला ती टिकली दिसली. सरांनी नवी चिकटवली होती, पण मधोमध नाही, चांगली तीन बोटं खाली. काकूंनी ती चुपचाप उचलून जागेवर लावली. मग सरांनी एक वायर माझ्यासमोर धरली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही लाल का काळी?"

"सर, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसते. धुकं हाय थोडं."

खोदून विचारल्यावर निघालं ते असं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पार पिकलेला. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. अलीकडे काकूंच्या डोळ्यांची तपासणी म्हणून डॉक्टर घरी येऊन गेले तेव्हा त्यांनी सरांचाच डोळा पाहिला आणि म्हणाले, आता आणखी थांबलात तर मोतीबिंदू आत फुटेल आणि हा डोळा जाईल. दवाखाना अकोल्यातच, रिक्षाने पंधरा मिनिटांवर. सगळं मिळून तीन तासांचं काम.

"मग जात का नाही?"

सरांनी खालून किल्ली मागवली, दार उघडलं, बाहेर जिन्यात गेले आणि दार ओढून घेतलं. काकू मेथी निवडत होत्या. पाव मिनिट झालं नसेल, काकूंचा हात थांबला. त्यांनी मान वळवली. "कुठी गेले थे?" उठल्या, बेडरूममध्ये पाहिलं, बाथरूममध्ये पाहिलं, मग दारावर तळहात आपटायला लागल्या. मी आडवा गेलो तर मला नखं लागली. सर आत आले. काकू त्यांच्या बाहीला धरून हळूहळू खाली बसल्या.

"दिसलं?" सर म्हणाले.

बाई ठेवून झाली होती. काकूंनी तिला दोन दिवसांत हाकललं. मुलगी येऊन राहून झाली. काकूंना सोबत नेऊन झालं. दवाखान्याच्या पायरीवरून त्या रस्त्यावर धावल्या होत्या. मी सरांना नाही नाही ते बोललो. तुम्ही आंधळे झालात तर काकूंना कोण पाहणार, तुम्ही हट्टी आहात, तुम्हाला हे कोंडून घेणं आवडायला लागलं आहे. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. सरांनी तीन मोजले आणि म्हणाले, "चहा घेता का?"

मला त्या क्षणी वर्गातली ती पिवळी मोटार आठवली, कानाशी धरलेली, नुसती गुणगुणणारी. मी चहा न घेताच निघालो.

तोड सुमनबाईंनी काढली. सरांनी त्यांच्या सांगण्यावरून एकदाचं खाली उतरून गाडीपाशी उभं राहून पाहिलं. वर काकूंजवळ माझी बायको बसली होती, तिला मी मुद्दाम सोबत नेलं होतं. सर गॅलरीतून दिसत होते तोवर काकू खुशाल होत्या. अर्धा तास त्यांनी सरांना टोपलीतून मेथी पाठवली, परत घेतली, परत पाठवली. सर खालून पाढा म्हणत होते, "थांब. एक, दोन, तीन. वर." काकू वरून तसं करत होत्या. पण सर कोपऱ्यावरून वळले की तीन मिनिटांत दारावर तळहात. असे लागोपाठ चार रविवार गेले. सर म्हणायचे, वेग चढवत नेऊ, एकदम नको. पण तिनाची चार मिनिटं काही होईनात, आणि सर आता भांड्यात पाणी ओतताना बोट आत घालून पाहू लागले होते.

सुमनबाई मला म्हणाल्या, "मास्तर, काकूले एवढ्या वरून सर थोडेच दिसते. त्याइले सरचा कोट दिसते."

सरांचा खाकी वर्कशॉप कोट. रिटायर झाल्यावरही ते घरात तोच घालायचे, पक्कड-टेस्टर ठेवायला खिसे बरे म्हणून. आणि एप्रिलच्या अकोल्यात डोक्या-तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोण उभं राहतं? सर आणि मी, उंची एकच.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कल्पना सरांना घेऊन गेली. त्याआधी सर कोट घालून काकूंसमोर खाली उतरले, जिन्याखाली मी तो कोट घातला, दुपट्टा गुंडाळला आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. सुमनबाईंनी वर जाऊन आतून कुलूप लावलं आणि किल्ली टोपलीतून माझ्याकडे आली. सर माझ्या पाठीमागून, भिंतीच्या कडेकडेने, चोरासारखे रिक्षात बसले. बसताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "बोलू नका. आवाज वळखते थे."

मी साडेतीन तास त्या उन्हात गावंडे सर झालो. भाजी विकली, मापात चुकलो, एका बाईने मला मुका समजून पाच रुपये जास्तीचे ठेवले. टोपली खाली आली की मी जुडी टाकायचो आणि हात वर करायचो. काकू ती वर घ्यायच्या. सहाव्या-सातव्या फेरीला जुडीचं पार वाळवण झालं होतं. वरून काकूंचा आवाज यायचा, सुमनबाईंना सांगत होत्या, "आमचे मालक खाली हायत. आज खूप वेळ उभे हायत, पाय दुखत असतीन." मग टोपलीतून पाण्याची बाटली आली. ती घेताना मला फार अपराधी वाटलं, हे मी लपवत नाही. दुसऱ्याच्या बायकोने दुसऱ्यासाठी पाठवलेलं पाणी मी दुपट्ट्याआडून प्यालो.

रिक्षा आली. सर उतरले ते कल्पनाच्या हाताला धरून, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, त्यावर हिरवं फडकं, अंगात दवाखान्याच्या घामाने भिजलेला शर्ट. डोळा वाचला, असं कल्पनाने मला खुणेनं सांगितलं. आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखा, आनंदाने तसाच त्यांच्याकडे धावलो आणि आम्ही दोघंही काकूंच्या नजरेसमोर शेजारी-शेजारी उभे राहिलो.

टोपली तेव्हा खाली येत होती. अर्ध्यात थांबली, थोडी वर गेली, पुन्हा थांबली. काकू ग्रिलला टेकून पाहत होत्या.

"तो पट्टीवाला कोन व्हय?" काकूंनी विचारलं.

"काकू, ते सरच हायत," वरून सुमनबाईंचा आवाज.

"नाई. माह्ये मालक थे काय, कोटातले." त्यांचं बोट माझ्याकडे होतं. "याले वर येऊ देऊ नको. दार उघडू नको, सुमन."

किल्ली माझ्या खिशात होती आणि वर पाठवायची तर टोपलीतूनच. सुमनबाईंनी बटनाला हात लावला तसा काकूंनी तो झटकला. सर मान वर करून एका डोळ्याने, त्याही धुकट डोळ्याने, वर पाहत होते. दीड वर्ष त्या घरातून मोकळेपणी बाहेर पडता न आलेला माणूस आता रस्त्यावर उभा होता आणि त्याला घरात घेत नव्हते. मी दुपट्टा सोडला, कोट काढायला लागलो, तर काकूंचा आवाज चढला, "अवो, कोट कायले काढून राह्यले? ऊन लागन."

सरांनी माझ्या दंडावर हात ठेवला. वर न पाहता, वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "खाली."

टोपली हलली नाही.

"खाली," सर पुन्हा म्हणाले.

दोरी थरथरली आणि टोपली हळूहळू उतरू लागली. गाडीच्या कडेला टेकायच्या आत सर म्हणाले, "थांब." टोपली थांबली. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी चाचपून टोपलीची कड धरली, किल्ली आत ठेवली, हात काढला.

"एक. दोन. तीन." वर काकूंचे ओठ हलत होते. "वर."

टोपली वर गेली. काकूंनी किल्ली उचलून पाहिली, मग खाली पट्टीवाल्या माणसाकडे पाहिलं, आणि सुमनबाईंना म्हणाल्या, "दार उघड व. आले थे."

मी सरांना म्हटलं, सर, कल्पना आहे, सुमनबाई वर आहेत, पाच मिनिटं बसा, कोपऱ्यावर चहा घेऊ. दीड वर्षात तुम्ही बाहेर चहा घेतलेला नाही. मला खरंच वाटत होतं की ते हो म्हणतील. सरांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे मान वळवून नीट पाहिलं, जणू काही ठेवलेलं शोधत होते.

"थे वाट पाहून राह्यली," ते म्हणाले. "दुसऱ्या डोळ्याच्या वक्ताले घेऊ."

आणि भिंतीला हात लावत जिना चढून गेले. मला त्यांचा राग आला. तो अजूनही येतो, आणि त्या रागाएवढं मी दुसरं काही जपून ठेवलेलं नाही.

सुमनबाई खाली आल्या. कोट परत द्यायचा होता, तो मी घडी करून टोपलीत ठेवला. टोपली वर गेली. ग्रिलच्या चौकोनात सरांचा पट्टी बांधलेला चेहरा दिसला, त्यांच्या बाहीला काकूंचा हात. कोट आत गेला आणि टोपली पुन्हा उतरायला लागली.

तळाशी किल्ली होती. सुमनबाईंनी ती कमरेला खोचली आणि मेथीच्या जुडीवर पाणी मारलं.